बिलोलीच्या बाजारातली पँट

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मी आधी त्याचे बूट बघतो. चेहरा कुणालाही कडक करता येतो, आवाजही करता येतो. बुटाला ते जमत नाही. "कंबॅट ड्रेस शिवायचाय मास्टर" म्हणणाऱ्याच्या पायात टोकदार लग्नातले बूट असले, तर मी गळ्यातला टेप गळ्यातच राहू देतो.

त्यातून कुणी सुटलाच, तर ट्रायलच्या वेळी सापडतो. खरा जवान नवा कपडा अंगात घातला की आधी उकिडवा बसतो. मग एक गुडघा टेकतो, दोन्ही हात बंदूक धरल्यासारखे खांद्याला लावतो, मान वळवतो. कुठं काचतंय, कुठं ओढतंय, ते बघतो. आरशाकडं त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. खोटा माणूस आधी आरशापुढं जातो आणि खिशातून मोबाइल काढतो.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "फौजी कपडे शिवता, तर काहीतरी अभिमानाचं लिहा." अभिमान आहेच. पण या धंद्यात मला अभिमानापेक्षा संशयानं जास्त सांभाळलं. आणि एकदा त्याच संशयानं माझ्या हातून जे झालं, ते मी आजवर घरातसुद्धा धड सांगितलेलं नाही.

माझं गाव औशाजवळ. वडील फौजेत होते. निवृत्त होऊन आले तेव्हा आमच्या बुद्धवाड्यात रोज इस्त्रीचा कपडा घालणारे ते एकटेच होते. ते म्हणायचे, "कपडा नीट असला की माणूस आधी 'बसा' म्हणतो, जात मागनं इचारतो." ते वाक्य डोक्यात ठेवून मी शिवणकाम शिकलो. लातूरपासून थोडं बाहेर जवानांचं एक प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या फाटकासमोर दुकान टाकलं. कोणत्या दलाचं केंद्र, ते लिहीत नाही. जवानांचे कपडे अंगाला बसवून देणं, फाटलेले सांधणं, नव्या भरतीची मापं घेणं, हेच काम इतकी वर्षं केलं.

सुरुवातीला खाकी होती. खाकी शिवणं म्हणजे सरळधोपट काम. कडक कांजी, चाकूसारखी घडी, आणि जवान उन्हात उभा राहिला की अर्ध्या मैलावरून दिसावा. दिसण्यासाठीच तो कपडा होता. मग पानापानांचं कापड आलं. हिरवे, काळे, मातकट डाग, झाडाखाली सावली पडल्यासारखे. ते लपण्यासाठी होतं, आणि तिथं माझं शहाणपण उताणं पडलं.

चौकड्यांचा शर्ट शिवताना खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळवायच्या, ही शिंप्याची शान. मी पहिला पानापानांचा शर्ट शिवला तेव्हा दोन्ही खिशांवर अगदी एकसारखे डाग आणून ठेवले. तासभर कापड फिरवून फिरवून जुळवलं होतं. केंद्रातल्या हवालदारानं शर्ट हातात घेतला आणि हसत सुटला.

"मास्टर, ये तो उल्लू बन गया!"

मला कळेना. त्यानं तो शर्ट एका जवानाला घालून मैदानाच्या पलीकडं लिंबाच्या झाडाखाली उभं केलं. जवान दिसत नव्हता. पण छातीवरचे ते दोन सारखे डाग, घुबडानं डोळे वटारल्यासारखे, इथून माझ्याकडं बघत होते. त्या दिवशी समजलं. लपायचं म्हणजे नुसतं हिरवं व्हायचं नसतं. माणसाचा आकार मोडायचा असतो. खांद्याची सरळ रेघ, दोन बाजूंचा सारखेपणा, हे डोळ्याला लगेच सापडतं. ते मोडलं की माणूस झाडात मिसळतो. म्हणून या कपड्यात खिसा मुद्दाम बेजोड लावायचा. वीस वर्षं शिकलेलं जुळवणं मला विसरावं लागलं.

ते विसरायला मला नरसूअण्णांनी मदत केली. नरसय्या त्यांचं नाव, बिलोलीचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. बापजादे हातमागावर विणणारे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, त्यामुळं त्यांची मराठी थोडी गाऊन बोलल्यासारखी. माझ्याकडं कटिंगला आले आणि अकरा वर्षं राहिले. दुकानामागच्या खोलीत राहायचे, पंधरा दिवसांनी एकदा गावाकडं जायचे. कापड त्यांच्या हातात गेलं की ते आधी डोळे मिटायचे. अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळून सांगायचे, "ह्यात सूत कमी हाय मास्टर, पावसात वाळायला चांगलं, उन्हात घामेजतंय." कधी चुकले नाहीत.

नंतर पोरींच्या तुकड्या केंद्रात आल्या. सुरुवातीला पुरुषाचाच कपडा लहान करून त्यांना देत होते. एक पोरगी, उदगीरकडची, बाह्या वर सारून माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मास्टर, कपडा लहान केला म्हणून बाईचा होतो का? पळताना खांद्यात अडकायलाय, कमरेला गोळा होऊन बसायलाय." अण्णांनी तिला बसवलं, उठवलं, पळायला लावलं, आणि कमरेपासून सगळा कट नव्यानं काढला. ती तुकडी पास होऊन गेली तेव्हा त्या पोरी अण्णांच्या पाया पडून गेल्या. माझ्या कुणी पडलं नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं होतं.

मग काही वर्षांपूर्वी ठिपक्यांचं कापड आलं. डिजिटल म्हणतात. पानं गेली, बारीक बारीक चौकोन आले, मोबाइलवरचा फोटो लई मोठा केला की फुटतो तसे. जवळून बघितलं तर ठिपके, लांबून बघितलं तर जमीन, गवत, दगड. कापड हलकं, लवकर वाळणारं. शर्ट आत खोचायचा नाही, बाहेरच ठेवायचा. गुडघ्याला दुहेरी थर.

कापडाबरोबर नियमही आले. जुनं पानापानांचं कापड बाजारात कुठंही मिळायचं. जत्रेत त्याच्या टोप्या, पिशव्या, लेकरांच्या चड्ड्या विकत होत्या. कोण जवान, कोण चोर, कपड्यावरून कळायचं बंद झालं होतं. म्हणून नवं कापड केंद्राच्या स्टोअरमधूनच यायचं, ओळखपत्र असलेल्या जवानाचंच शिवायचं. आणि कापून उरलेल्या चिंध्यासुद्धा पोत्यात भरून स्टोअरला परत द्यायच्या. त्या तिथं जाळत. माझ्याकडून सही घेतली होती.

तेव्हापासून मला प्रत्येक माणूस संशयित दिसायला लागला. एक नवरदेव आला, लग्नाआधीच्या फोटोसाठी ठिपक्यांचा ड्रेस पाहिजे म्हणाला. नोकरी विचारली तर दूध डेअरीत. एक मेंढपाळ आला, त्याला बाभळीच्या काट्यात न फाटणारी पँट हवी होती. त्याच्यावर मी उगाच ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "काटं काय वर्दी बघून टोचायलेत का, साहेब?" एक जण गाडीतून उतरला, कडक सलाम ठोकला, स्वतःला मेजर म्हणवून घेतलं. सलाम करताना फौजीचा अंगठा बोटांना चिकटलेला असतो, त्याचा बाहेर होता. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. अण्णा हसायचे. "मास्टर, तुम्ही एक दिस आरशातल्या माणसाकडं बी ओळखपत्र मागतासा बगा."

मग तो दिवस आला.

स्टोअरचे चौहान साहेब दुपारच्या वेळी दुकानात आले. हे हरियाणाकडचे, शांत माणूस, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी कटिंगच्या टेबलावर एक पँट टाकली. ठिपक्यांची. नवी कोरी.

"मास्टर, ये क्या है?"

"अपनाच कपडा है साहेब," मी म्हणालो. म्हणालो आणि जीभ चावली.

"बिलोली के बाज़ार से आई है." केंद्रातला एक जवान सुट्टीवर गेला होता, त्याला आठवडी बाजारात लुंग्या आणि टॉवेलांच्या शेजारी ही टांगलेली दिसली. विकणारा म्हणाला, माल मोठ्या गाडीवाल्याकडून येतो, नाव-गाव माहीत नाही. साहेब माझ्या डोळ्यांत बघत होते. "इस तरफ़ ये कपड़ा सिर्फ़ आपके पास आता है."

अण्णा त्या वेळी मागच्या खोलीत जेवत होते. साहेबांनी आवाज हळू केला. "दो दिन में सोच के बताइए. वरना मुझे ऊपर लिखना पड़ेगा."

वर लिहिणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. फाटकासमोरचं दुकान जाणार. ते एक वेळ चाललं असतं. पण फौजीच्या पोरानं वर्दीचं कापड चोरून विकलं, ही गोष्ट औशापर्यंत पोचायला एक एसटी पुरली असती.

बिलोली हे नाव माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याकडं बिलोलीचा माणूस एकच होता. पंधरा दिवसांनी तो गावाकडं जातो. जाताना त्याच्या हातात एक फुगलेली पिशवी असते. अकरा वर्षं ती पिशवी मी बघत होतो आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

मी अण्णांना काही बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सगळी चूक इथं आहे. समोरासमोर एक शब्द विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. मी विचारलं नाही. मी बघत बसलो. ते चिंध्या गोळा करताना मी सुई ओवायचं नाटक करत होतो. आणि मला दिसलं. टेबलाखालच्या चिंध्यांतले मोठे तुकडे, हातभर लांबीचे, ते पोत्यात टाकत नव्हते. घडी करून बाजूला ठेवत होते. संध्याकाळी ते तुकडे तिथं नव्हते.

माझ्या अंगात एकदम हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. चोर सापडला, म्हणजे मी चोर नव्हे, याचं ते हलकेपण होतं. चिंध्यांची पँट होत नाही, एवढं शिंप्याला कळायला हवं होतं. भीतीनं ते कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरमध्ये गेलो. चौहान साहेबांनी विचारलं, "किसी पे शक है?"

मी म्हणालो, "नाव नाही घेत साहेब. एक आदमी है. बिलोली का."

नाव न घेतल्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

दोन दिवसांनी, दुपारी, अण्णा टेबलावर कापड पसरून खडूनं रेघा ओढत होते. त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. मशीनच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून ते मोबाइलचा आवाज मोठा ठेवायचे. त्यामुळं मीही ऐकलं.

"बापू, घरी लोकं आलेत. एक पोलीसबी हाय. पेटी उघडायलेत. सगळी गल्ली जमलीय."

अण्णा म्हणाले, "उघडू दे. किल्ली दिवळीत हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नका म्हण त्यांना."

पण ते गेले. सुनेची खोली, तीन आठवड्यांची नात. पोरीच्या अंगाखाली एक दुपटं होतं. ठिपक्यांच्या तुकड्यांचं, एकाला एक जोडून, हातानं टाके घातलेलं. तेच सापडलं. दुसरं काही सापडलं नाही. लेकराला उचलून त्यांनी ते दुपटं काढून घेतलं.

अण्णांनी फोन बंद केला, खडू टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी मशीनमध्ये दोरा घालत होतो. दोरा आधीच घातलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना स्टोअरमध्ये बोलावलं. टेबलावर एका बाजूला पँट, दुसऱ्या बाजूला ते दुपटं. दुपट्याला दुधाचा वास येत होता. चौहान साहेबांनी अण्णांना विचारलं, हे तुमच्या घरात कसं आलं?

"व्हय, चिंध्या नेल्या," अण्णा म्हणाले. "नियम मोडला. नात झाली, मऊ कापड हाय, जाळून टाकायचं जिवावर आलं. चिंध्या नेल्या साहेब. कापड न्हाई नेलं." आणि मग हात पुढं करून म्हणाले, "ती पँट जरा द्या."

साहेबांनी दिली. अण्णांनी डोळे मिटले. पँटचं कापड अंगठ्याखाली एकदा चोळलं, फक्त एकदा, आणि टेबलावर परत ठेवलं.

"ह्ये आपलं न्हाईच."

मी म्हणालो, "अण्णा, नीट बघा." काय म्हणून मी ते बोललो, देव जाणे.

त्यांनी माझ्याकडं न बघता पँट उलटी केली. "साहेब, छपाई वरनंच हाय, आतून पांढरं दिसायलंय बघा. आपल्या कापडाचा रंग आतपातुर गेलेला असतोय. आणि ह्यो ठिपका बघा, उंदरावानी. ह्यो इथं हाय." त्यांनी वीत मांडली. "ह्यो वीतभर खाली परत. अजून वीतभर, परत. आपल्या कापडात एक ठिपका हातभरात बी परत येत न्हाई. डोळ्याला सापडंल म्हणून लांब ठेवतेत. आणि ह्ये खिसं!" इथं ते पहिल्यांदा थोडे हसले. "ह्ये खिसं जुळवलेत साहेब. ज्यानं शिवलंय त्याला ह्ये कशासाठी असतंय त्येच ठाऊक न्हाई. आमच्या दुकानातनं असलं घुबड जात न्हाई."

चौहान साहेबांनी एका जवानाला बाहेर पाठवून लिंबाची एक फांदी तोडून आणायला सांगितली. स्टोअरची दारं लावली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आत मिट्ट काळोख झाला. भिंतीला एका ओळीत तीन वस्तू टांगल्या होत्या: बाजारातली पँट, स्टोअरमधल्या आमच्या कापडाचा तुकडा आणि लिंबाची फांदी. साहेबांनी अंधारात बघायची दुर्बीण डोळ्याला लावली आणि मग ती माझ्या हातात दिली.

मी इतकी वर्षं हे कापड शिवलं, पण ते शत्रूच्या डोळ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दुर्बिणीत सगळं हिरवट दिसत होतं. लिंबाची पानं फिकट, काड्या गडद. आमचा तुकडा तसाच, थोडा फिकट, थोडा गडद, फांदी कुठं संपते आणि कापड कुठं सुरू होतं ते सांगता येईना. पँट मात्र वाळत घातलेल्या धोतरासारखी पांढरीफटक चमकत होती. एकही ठिपका नाही. नुसते दोन पाय. खऱ्या कापडाचा रंग असा बनवतात की दुर्बिणीतही ते झाडपाल्याएवढंच दिसावं. नकली कापड दिवसा फसवतं, दुर्बिणीपुढं नागडं पडतं. ते घालून एखादा पोरगा खरोखर सीमेवर गेला असता, तर पहिल्या रात्रीच दिसला असता.

खिडक्या उघडल्या. साहेब म्हणाले, "कपड़ा हमारा नहीं है. आप दोनों जा सकते हैं." त्यांनी अण्णांपुढं हात जोडले, हेही सांगायला हवं.

अण्णा म्हणाले, "ते दुपटं तेवढं..."

साहेबांनी मान खाली घातली. "नियम है, काका."

चिंध्यांच्या पोत्याबरोबर ते दुपटं मागच्या खड्ड्यात जाळलं. अण्णा ते बघायला थांबले नाहीत. दुकानात आले, आपली कात्री जुन्या पंच्यात गुंडाळली, ट्रंक उचलली.

"येतो मास्टर," म्हणाले. रोज जेवायला जाताना म्हणायचे, तसंच.

मला वाटलं, पंधरा दिवसांनी येतील. आले नाहीत. फोन केला तर मुलगा उचलायचा. नकली मालाचा गाडीवाला पुढं कुठंतरी सापडला, असं साहेबांकडून कळलं. केंद्रानं मला वर्षअखेरीला चांगल्या कामाचं प्रमाणपत्रही दिलं. ते मी अजून दुकानात लावलेलं नाही. अण्णांच्या जागी दोन कटिंगवाले येऊन गेले, पण दोघेही खिसे जुळवायचे.

आठ-नऊ महिन्यांनी मी बिलोलीला गेलो. देगलूरमार्गे एसटीनं, दुपारी पोचलो. तहसीलच्या मागच्या गल्लीत अण्णांनी छोटं दुकान टाकलं होतं. शाळेचे गणवेश शिवत होते, आकाशी शर्ट आणि खाकी चड्ड्या. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, समोरच्या टपरीवाल्याला चहा सांगितला. नात रांगायला लागलीय म्हणाले. सून तिला घेऊन माहेरी गेलीय म्हणाले. मी चहा संपेपर्यंत वाट बघितली आणि मग बोललो. मीच साहेबांना सांगितलं होतं, हे बोललो.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडं बिलोलीचा मी एकलाच होतो की."

मग शर्टाला काज करता करता पुढं बोलले.

"मलाबी तुमचा शक आलता, मास्टर."

"माझा?"

"साहेब पँट घेऊन आले, तवा मी जेवत होतो, पण कानावर आलंच की. त्याच्या आधीपासनं तुम्ही दर सोमवारी उदगीरला जायलाव. मला सांगत नव्हतासा. विचारलं की बँकेचं काम म्हणायचासा. मला वाटलं, मास्टर कापड तिकडं तर नेत न्हाई?"

उदगीरला मी डोळे दाखवायला जात होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. शिंप्याचे डोळे गेले हे गिऱ्हाइकाला कळलं तर दुकान संपलं, म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं. टेबलावर पडलेली पँट मला 'अपनाच कपडा' का वाटली, तेही त्यातच आलं. हे सगळं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं.

"असंय होय," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्या डोळ्यांकडं नीट बघितलं, एकात, मग दुसऱ्यात. "ऑपरेशन करून घ्या. टाळू नका."

"मग तुम्ही काय केलं? शक आला तेव्हा?"

"काय करायचं? तुम्ही चहाला गेलाव की रोज कापडाचं थान मोजायचो. स्टोअरचा कागद पुढं ठेवून, इंच न इंच. तीन दिस मोजलं. बरोबर भरलं. मग गप बसलो."

"आणि भरलं नसतं तर?"

त्यांचा हात काजावर थांबला. ते खरोखर विचार करत होते. मला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नव्हते.

"तर तुम्हाला इचारलं असतं," अण्णा म्हणाले. "तुम्हालाच."